खडूची खूण

त्या दिवशी सकाळी साडेअकराला मी चिखलीतल्या त्या गल्लीत शिरले आणि दहा पावलांतच थांबले. काहीतरी कमी होतं. पत्र्याच्या खोल्या तशाच होत्या, दोन्ही अंगांना नऊ-नऊ. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपातला पत्रा ठोकायचा प्रेस नेहमीसारखा धाड धाड करत होता. नळाखाली कुणाची तरी कळशी भरून वाहत होती आणि ती उचलायला कुणी येत नव्हतं. मग कळलं. फोडणीचा वास नव्हता. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाचा डबा करायचा असतो, म्हणून या वेळेला या गल्लीत दर तिसऱ्या घरात मिरची तडतडत असते. मी तर पदर नाकाला लावूनच इथे शिरायचे, इतका ठसका लागायचा. त्या दिवशी अठरा घरांपैकी एकाही घरात तेल तापलेलं नव्हतं, आणि पोरांचाही आवाज नव्हता.

मी आरोग्य केंद्राची, घरोघर फिरणारी बाई. लोक मला सुईवाली म्हणतात, पण सुई मी आजवर कुणाला टोचलेली नाही. ते काम नर्सबाईंचं. मी दार वाजवायचं, घरात पाच वर्षांखालची मुलं किती, कुणाचा कुठला डोस राहिला ते विचारायचं, वहीत लिहायचं आणि दाराच्या चौकटीवर खडूनं खूण करून पुढे जायचं. मूल राहिलं असेल तर फुली. घर पूर्ण झालं असेल तर गोल, आणि गोलात बरोबरची खूण. त्या खुणेचं शेपूट मी उगाचच गोलाबाहेर वर ओढते. का, ते विचारू नका, सवय आहे. पण त्या शेपटामुळे केंद्रावरचे सगळे माझ्या खुणा लांबून ओळखतात आणि मला त्याचा गर्व होता. माझं अक्षर चांगलं, माझी वही स्वच्छ, आणि माझा राग नाकावर. या तिन्ही गोष्टी केंद्रावर सगळ्यांना ठाऊक आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी या गल्लीची माझी फेरी झाली होती. चौदा घरं पूर्ण. आतल्या टोकाची चार कुलूपबंद, माणसं दिवाळीला गावी गेलेली. आणि आता शेजारच्या गल्लीतली दोन मुलं गोवर होऊन दवाखान्यात दाखल झाली, म्हणून सगळी वस्ती परत फिरायची असा हुकूम आला. मला संताप आला होता. माझी गल्ली पूर्ण आहे तर परत कशाला? पण गोवरापुढे असला मान चालत नाही. खोकल्याबरोबर तो हवेत जातो आणि मूल खोलीतून निघून गेलं तरी तास-दोन तास तिथेच तरंगत राहतो. नवव्या महिन्यानंतरचा डोस ज्या मुलाला मिळालेला नाही, त्याला तो सहसा सोडत नाही. गल्लीत असं एक जरी मूल असेल तर त्याच्याआधी मी त्या मुलापर्यंत पोचायला हवं, एवढाच या फेरीचा अर्थ होता.

थोडं पुढे गेले आणि दारांवर लिंबाचे डहाळे दिसले. ताजे होते. घरात गोवर किंवा कांजिण्या निघाल्या की आमच्याकडे त्यांचं नाव घेत नाहीत. बाया आल्या म्हणतात. बाया असेपर्यंत दाराला लिंब लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, आणि आजारी लेकरानं न्हाणं होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. मी लहानपणी आमच्या गावी हे सगळं पाळलं आहे. पण बाया ज्या घरी येतात त्या घरानं पाळायचं असतं. इथे अख्खी गल्ली पाळत होती.

आतल्या टोकाला पोचले. जी चार घरं मला बंद मिळाली होती, त्या चारही चौकटींवर माझी खूण होती. गोल, बरोबर, आणि गोलाबाहेर वर ओढलेलं शेपूट. माझा हात. मी त्या दारांना शिवलेसुद्धा नव्हते. क्षणभर मला खरंच वाटलं की मी येऊन गेले असेन आणि मला आठवत नसेल. दिवसाला शंभर दारं करणाऱ्या बाईला स्वतःचा इतका भरवसा नसतो. प्रेसचा आवाज एका लयीत येत होता आणि मी चौकटीसमोर उभी राहून आपण मागचे तीन आठवडे कुठे कुठे गेलो ते आठवत होते.

मग मी खुणेवर नख घासलं. नखाखाली पापुद्रा आला. खडूचा पापुद्रा निघत नाही, भुकटी होते. हे तांदळाचं पीठ होतं, पाण्यात कालवून बोटानं काढलेलं. चारही दारांवर तेच. माझी भीती गेली आणि जागेवर राग आला, तो मला बरा वाटला.

गल्लीच्या तोंडाशी मालकीणबाई खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. या सगळ्या खोल्या त्यांच्या. मूळच्या इथल्याच, पूर्वी या जागी त्यांची ज्वारी असायची. गल्लीत भाडेकरू कुठून कुठून आलेले, पण रीतभात मालकीणबाईंची चालते. मी भांडायला म्हणून गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले तर माझाही आवाज आपोआप खाली आला.

“मावशी, बाया आल्यात का?”

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “आल्यात. गावावनं आली ती लेकरं घिऊनच आली. चौघांच्या उतरल्या, दहीभात दावला. एकीच्या अंगावर अजून हायेत.”

“कुठली एक?”

“हाय अकरा म्हयन्याची. घर न्हाई सांगायची मी. तुमी येणार, सुया टोचणार, बाया कोपणार. मंग लेकरू गेलं तर माझ्या खोलीत गेलं म्हनतील.”

“आणि त्या खुणा कुणी काढल्या?”

“जिला हात हाय तिनं काढल्या. खूण दिसली का तुमची मानसं पुढं जात्यात. म्हून.”

मी विचारलं, तिचा श्वास कसा चाललाय. त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “धाप लागती वाईच. बाया जड असल्या का लागती.”

पुरळ भरून येतं तेव्हा घरची माणसं घाबरतात आणि ते मावळायला लागलं की सुटलो म्हणतात. पण गोवरानं मूल दगावतं ते बहुतेक पुरळ मावळताना. अंगातली ताकद गोवरानं खाल्लेली असते, आणि मग छातीत न्यूमोनिया बसतो. अकरा महिन्यांच्या मुलीला पुरळ मावळताना धाप लागली असेल तर तिच्याकडे दिवस नव्हते, तास होते. आणि ती अठरा दारांपैकी कुठल्या दाराआड आहे ते मला कुणी सांगणार नव्हतं.

खोटी खूण जिथे, लपवलेलं मूल तिथे, असा मी हिशेब केला आणि आधी ती चार दारं वाजवली. दारं चार बोटं उघडली. बायका कुजबुजत बोलल्या. आत तीन ते सहा वर्षांची मुलं होती. अंगावर तांबूस-काळपट डाग, कातडी कोंड्यासारखी सुटत चाललेली, पण खेळती. एकाचा कान वाहत होता, त्याला केंद्रावर आणायला सांगितलं. चारही घरांत तान्हं मूल नव्हतं. मी विचारलं की त्या बायका दुसरीकडे बघायच्या.

उरली चौदा घरं. ती माझीच होती, मी पूर्ण केलेली. वही आधीच उघडायला हवी होती, पण वहीत ही चौदा घरं पूर्ण असताना ती उघडायची कशाला, अशी माझी मिजास. आता उघडली. अख्ख्या गल्लीत एक वर्षाखालचं एकच मूल लिहिलेलं होतं. घर सात. मुलगी. तेव्हा दहा महिने पूर्ण. पुढे माझ्या सुबक अक्षरात: सर्व डोस झाले, कार्ड गावी.

मी सात नंबरच्या दारापाशी गेले. चौकटीवर गोल, बरोबर, शेपूट. मी नख घासलं. पापुद्रा निघाला नाही. बोटाला पांढरी भुकटी लागली. मी बोट पदराला पुसलं आणि परत घासलं, परत भुकटीच आली. खडूच होता. माझाच.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा प्रेस जेवणासाठी बंद झाला. गल्लीत शिरल्यापासून कानात बसलेला तो आवाज एकदम गेला आणि त्या शांततेत दाराआडून दुसरा आवाज ऐकू आला. हं. हं. हं. कुणीतरी जड काही उचलताना कुंथतं तसा, पण बारीक, आणि न थांबता. मी दार वाजवलं नाही, ढकललं.

आत काळोख होता, खिडकीला गोधडी बांधलेली. गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, तेवढं त्या बाईचं बरोबरच होतं. बाई म्हणजे बावीस-तेवीसची पोर, हिंगोलीकडची, नवरा चाकणला कंपनीत. लिंबाच्या पाल्यावर फडकं घालून त्यावर मुलगी निजवलेली. दारातून उजेड पडला तसे तिनं डोळे मिटले. पापण्या चिकटलेल्या, ओठ फुटलेले. कानामागून सुरू झालेलं पुरळ पायापर्यंत पोचून काळपट पडलं होतं. श्वास घेताना नाकपुड्या फुलत होत्या.

मी तिचं झबलं वर केलं आणि घड्याळ समोर धरलं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो. या वयाला पन्नासाच्या घरात गेला की धोका. मला ते मिनिट संपता संपेना. मी मनात आकडे म्हणत होते. चौसष्ट झाले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता.

“हिला आत्ता न्यायचं,” मी म्हटलं.

“उंबरा वलांडायचा नसतो, ताई. न्हाणं झालं नाही अजून.”

मी तिचं बोट धरलं आणि त्या खळग्यावर ठेवलं. “हे बघ, आत ओढलं जातंय. लेकराला पुरेसा श्वास मिळाला की असं होत नाही.” तिनं बोट काढलं नाही. चार-पाच श्वास तसंच ठेवलं. मग म्हणाली, “मालकीणबाई म्हणल्या तर येते.”

मी एरवी दहा वाक्यं सुनावली असती. त्या दिवशी धावत गल्लीच्या तोंडाशी गेले आणि मालकीणबाईंना म्हटलं, मावशी, बायांना इथे ठेवून जायचं नाही, त्यांना बरोबर घेऊन जायचं आहे. मी लिंब हातात धरते, चप्पल घालत नाही, सुईच्या आधी पाया पडते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी थट्टा करते का ते बघत असाव्यात. मी थट्टा करत नव्हते.

“जा,” त्या म्हणाल्या. “पर लिंब सोडू नगं.”

रिक्षातून पिंपरीपर्यंत मी अनवाणी, मांडीवर लिंबाचा डहाळा. आई पदराखाली मुलगी घेऊन बसलेली. ते कुंथणं रिक्षाच्या आवाजातही मला ऐकू येत होतं आणि मध्येच ऐकू आलं नाही की मी पदर बाजूला करून बघायचे. महापालिकेच्या दवाखान्यात मुलांच्या विभागात वेगळी खोली मिळाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी लिंबाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. ऑक्सिजन लावला, शिरेतून प्रतिजैविक चालू केलं, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला, कारण गोवर ते अंगातून ओढून नेतो आणि मग डोळे जाऊ शकतात. आईला त्या समजावत होत्या: गोवराला स्वतःचं असं औषध नाही, त्याच्यामागून जे येतं त्याला आहे, फक्त वेळेत यायला हवं. अंगावर पाजणं थांबवू नका. भाताची पेज, वरणाचं पाणी, थोडं थोडं, पण देत राहा.

त्या दुपारी मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मला सगळं आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी एक वाजून गेला होता. वही केंद्रावर द्यायची घाई होती. सात नंबरचं दार चार बोटं उघडं होतं आणि आतून आवाज आला होता, “समदे डोस झालेत ताई, कारड गावाकडं राहिलंय. लेकरू झोपलंय.” आत पाहायला मला एक पाऊल टाकायचं होतं. मी ते टाकलं नाही. तिथेच उभी राहून खूण केली, शेपूट नेहमीपेक्षा जरा लांबच ओढलं. त्या दिवशी मुलगी ठणठणीत होती. त्या दिवशी डोस मिळाला असता तर गावाहून आलेला गोवर तिच्या दारावरून निघून गेला असता.

आणि संध्याकाळी केंद्रावर अहवाल लिहिताना मी काय केलं तेही सांगते. वस्तीत आढळलेल्या खोट्या खुणा, या रकान्यात मी पाच लिहिलं. चार पिठाच्या आणि पाचवी माझी. कुणी नख घासून बघणार नव्हतं. साहेब म्हणाले, काय लोक आहेत, आणि मी मान हलवली.

मुलगी नऊ दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी तर डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर उभं केलं. बाप शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच यायचा आणि काचेला कपाळ लावून उभा राहायचा. मी रोज जायचे. ती जगली नाही तर तो पाचाचा आकडा बदलायचा धीर मला कधीच होणार नाही, हे मला समजत होतं आणि मी तिच्यासाठी रडते आहे का माझ्यासाठी, ते समजत नव्हतं. पाचव्या दिवशी कुंथणं थांबलं. सातव्या दिवशी तिनं आईच्या बांगड्या ओढल्या.

महिन्याभरानं मी आणि नर्सबाई तिचा डोस द्यायला गेलो. गल्लीत फोडणीचा वास होता, मला ठसका लागला. पिठाच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. सात नंबरवरची मात्र होती, आणि तिला हळदकुंकू लावलेलं होतं. रोज लावत असणार, कारण थरावर थर बसून गोल लालभडक झाला होता. खाली लिंबाची सुकलेली पानं.

आई दारात आली, मुलगी कडेवर. मी नर्सबाईंना शेजारच्या घरी जायला सांगितलं आणि तिला म्हटलं, “हे कशाला? ही खूण खोटी आहे. मी तुझ्या मुलीला न बघता काढली होती. हिची पूजा करू नकोस.”

“मला माहीत हाय,” ती म्हणाली. “मी आतच होते की. ह्या दाराच्या मागं. आधीच्या सुईनं लेकरू दोन दिवस तापलं होतं, परत नको म्हणून लपवलं. झोपलं नव्हतं, जागं होतं. त्याच्या तोंडावर मी हात ठिवला होता. तुम्ही आत डोकावू नये म्हणून बायांचं नाव घेत होते. म्हणलं, एवढी बाई दारावरून जाऊ द्या.” तिनं चौकटीकडे पाहिलं. “त्यांनी ऐकलं. मग त्याच आल्या.”

प्रेस चालू होता. मुलगी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे हात करत होती.

“म्हणून कुंकू लावते,” ती म्हणाली. “परत येऊ नयेत म्हणून. बाकीच्या दारांवर मीच काढल्या होत्या. हीच बघून.”

मी तिला अहवालाचं सांगितलं. माझी खूण मी तुमच्या खोट्या खुणांत घातली, दोष तुझ्यावर टाकला, असं सगळं. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे यावा असंच वाटत होतं.

“खोटीच होती की, ताई,” ती म्हणाली. “दोघींची मिळून.”

त्या दिवशी मी मुलीला आधी मांडीवर घेतलं. कपाळाला हात लावला, तोंड उघडून पाहिलं, श्वास पूर्ण मिनिटभर मोजला. छत्तीस. मग नर्सबाईंनी डोस दिला. आईनं मान फिरवली नाही. नंतर मी तिच्याकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि चौकट पुसायला लागले. तिनं मला अडवलं नाही, पण मदतही केली नाही. केंद्रावर जाऊन पाचाचे चार केले, बाजूला कारण लिहिलं आणि सही केली. साहेब जे बोलायचं ते बोलले.

चौकटीवरचा खडू निघाला. कुंकू लाकडात मुरलेलं होतं, ते निघालं नाही. त्यामुळे सात नंबरच्या चौकटीवर गोल अजून दिसतो, शेपटासकट. अलीकडे मी दारं वाजवते तेव्हा आतून कुणीही काहीही सांगितलं तरी एक पाऊल आत टाकते आणि मूल उजेडात आणा म्हणते. लोक वैतागतात. सात नंबरला मात्र मला काही म्हणावं लागत नाही. मी गल्लीत शिरले की ती आधीच मुलीला घेऊन दारात येऊन उभी असते, त्या खुणेखाली.